स्वर्गवासींचा चेहरा

सेटवर त्याला सगळे 'स्वर्गवासी' म्हणायचे, आणि त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. जो माणूस दर गुरुवारी मरतो त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? 'ताऱ्यांची चौकी' ही मालिका चालली वीस-बावीस वर्षं, आणि तेवढ्या काळात हा पठ्ठ्या वितळला, गोठला, फुटला, आटला, एकदा तर नुसता पुसला गेला. एका भागात पहिल्या जाहिरातींच्या आधी मेला, दुसऱ्या जाहिरातींनंतर त्याच मेलेल्याचा भाऊ होऊन सूड घ्यायला आला, आणि तिथेही मेला. व्यवस्थापक सकाळी हातातले कागद हलवत विचारायचा, "स्वर्गवासी आले का?" आणि कुठल्यातरी सरड्याच्या डोक्यातून उत्तर यायचं, "आलोय. चहा पाठवा, नळी घालून."

चहा नळीनेच प्यावा लागायचा, कारण बाहेरून दिसायचं ते तोंड रबराचं आणि त्याचं स्वतःचं तोंड त्याच्या चार बोटं आत. हे रबर चिकटवायला अख्खी सकाळ जायची. त्यामुळे पहारेकरी जांभया देत फाटक उघडायचा तेव्हा हा दारात हजर, आणि संध्याकाळी सगळे घरी पोचले तरी हा खुर्चीत बसून केळ्यासारखा सोलला जातोय. वर्षानुवर्षं बरोबर काम केलेल्या माणसांनी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. एकदा सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शक त्याला फाटकापाशी भेटला आणि म्हणाला, "कुणाला भेटायचंय?" हा म्हणाला, "तुम्हालाच." दिग्दर्शक म्हणाला, "आज नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशी हा माशाचं डोकं घालून गेला, तर त्याच दिग्दर्शकाने त्याला कडकडून मिठी मारली.

आता तुम्ही म्हणाल, असं तोंड लपवूनच राहायचं होतं तर नट कशाला झाला? झाला कुठला, ओढला गेला. त्याच्या वडिलांचं सलून होतं. वडिलांना अख्खी गल्ली 'उस्ताद' म्हणायची, आणि हा लहानपणापासून उस्तादांच्या खुर्चीमागे उभा. पुढे मालिकेत केस कापायला माणूस हवा होता म्हणून हा कात्री-कंगवा घेऊन सेटवर गेला. त्या दिवशी तीन चालते दगड दाखवायचे होते, आणि तिसऱ्या दगडात कोंबलेला पैलवान गरमीने चक्कर येऊन पडला. याची उंची जुळली. कात्री खिशातच राहिली आणि हा दगडात गेला.

पहिले दोन दगड पोती वाहिल्यासारखे चालत होते. तिसरा जरा चालला, थांबला, मान किंचित वळवली आणि पुन्हा चालला. तेव्हाचा दिग्दर्शक खुर्चीतून उठून म्हणाला, "तो तिसरा दगड कशावरून रुसलाय?" यात जादू काही नव्हती. न्हाव्याच्या मुलाला माणूस दिसतो तो पाठीमागून. घरी भांडून आलेला, परीक्षेत नापास झालेला, मनात कुणी भरलेला, सगळे आरशात तोंड सरळ ठेवतात आणि त्यांच्या माना चहाड्या करतात. हे माना-खांद्यांचं ज्ञान त्याने दगडात घातलं, मग माशात, सरड्यात, शेवाळात. शेवाळ होऊन तो मेला तेव्हा म्हणे प्रकाशयोजनावाला शिडीवर बसून डोळे पुसत होता.

त्याचा चेहरा ज्या एका माणसाला पाठ होता ती सेटवरची मुखवटेवाली. पहिल्या मोठ्या भूमिकेसाठी तिने त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला. नाकपुड्यांत दोन नळ्या, वर प्लास्टरचा थर, आणि ते वाळेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. ती पडली बोलकी. तिने तेवढ्या वेळात भावाचं भांडण, मोडलेलं लग्न, शेजारणीचा तऱ्हेवाईक नवरा, आपल्याला काय आवडतं आणि काय अजिबात खपत नाही, हे सगळं सांगून टाकलं. प्लास्टर निघालं आणि हा पहिला शब्द बोलला, "हो."

ती म्हणाली, "मी कुठे काय विचारलंय?"

"विचारणार होतीस."

ती खरंच विचारणार होती, म्हणून तिला राग आला. लग्न त्याच वर्षी झालं. त्याच साच्यात तिला त्याच्या हनुवटीवर एक बारीक सरळ रेघ सापडली होती. ती म्हणाली, "हे काय?" हा म्हणाला, "लहानपणी जिन्यावरून पडलो." ती म्हणाली, "जिना इतकं सरळ कापत नाही." पण नवरा एवढं एकच खोटं बोलतो आणि तेही इतकं वाईट बोलतो, हे बघून तिने सोडून दिलं.

त्या रेघेची गोष्ट अशी होती. उस्तादांच्या सलूनमध्ये आरशाच्या वर एक पाटी होती, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: 'येथे आजवर कोणालाही लागलेले नाही.' ही पाटी म्हणजे उस्तादांचा जीव. वस्तरा पट्ट्यावर घासताना ते तिच्याकडे असे बघायचे की नवीन गिऱ्हाइकाला आधी तिला नमस्कार करावा की काय असं वाटायचं. गिऱ्हाईक शिंको, खोको, मध्येच राजकारणावर बोलू लागो, उस्तादांच्या हाताने कधी कुणाला कापलं नाही. एकच हनुवटी सोडून. मुलाला पहिली दाढी आली, उस्तादांनी सलून बंद करून त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याला टॉवेल बांधला, फेस लावला. आणि आरशात बघता बघता, कालपर्यंत खुर्चीवरच्या फळीवर बसून केस कापून घेणारं हे पोर पुरुष झालं असं त्यांच्या मनात आलं, डोळे भरले आणि हात हलला. तुरटी लावता लावता उस्ताद म्हणाले, "कुणी विचारलं तर जिन्यावरून पडलो म्हण. पाटी आहे बाबा वर." मुलाने आयुष्यभर जिनाच सांगितला. गंमत म्हणजे त्यांच्या घराला जिनाच नव्हता.

सलूनमध्ये एक टीव्ही होता, आणि दर गुरुवारी संध्याकाळी तिथे गर्दी व्हायची. उस्ताद कंगव्याने पडद्याकडे दाखवायचे. "तो डावीकडचा सरडा. आमचा मुलगा." लोक मान डोलवायचे आणि एकमेकांना कोपर मारायचे. समोरचा शिंपी मात्र तोंडावर बोलायचा. कानामागे खडू, गळ्यात माप घ्यायची फीत, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. "उस्ताद, मागच्या गुरुवारी शेवाळ तुमचा मुलगा होतं, त्याआधी दगड. आमच्या शेजारचं गटार तुंबलंय, तेही तुमच्या घरातलंच का?" सगळं सलून हसायचं. उस्तादही हसायचे, पण त्या दिवशी त्यांचा वस्तरा पट्ट्यावर जरा जास्त वेळ चालायचा. शिंप्याचं म्हणणं सरळ होतं: मुलगा तिथे कामाला आहे हे मान्य, पण केस कापतो, आणि म्हातारा बढाया मारतो.

हे मुलाला कळायचं. त्याला वाईट वाटायचं ते स्वतःसाठी नाही. लोकांनी ओळखावं, सह्या मागाव्यात, असली हौस त्याला नव्हती. रस्त्यात कुणी ओळखत नाही म्हणून भाजी निवांत घेता येते, असं तो म्हणायचा. त्याला एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, वडिलांनी नुसता कंगवा वर करावा आणि पुढे काही बोलावंच लागू नये.

आणि मालिका संपायची वेळ आली. शेवटच्या दोन वर्षांत तो बाकीच्या मरणांबरोबर काळोखाचा सेनापतीही होता, शिरस्त्राण घातलेला, पृथ्वीचा सगळ्यात मोठा शत्रू. शेवटच्या भागात लिहिलं होतं: सेनापती शिरस्त्राण काढतो. आत राक्षस नाही, आपल्यासारखाच एक साधा, थकलेला माणूस. त्याने ते पान वाचलं आणि मुखवटेवालीला उचलून दोन गिरक्या घेतल्या. हातातला गोंदाचा ब्रश भिंतीवर गेला. "माझा चेहरा," तो म्हणाला, "माझा, माझा, माझा." ती म्हणाली, "आधी खाली ठेव, मग तुझा."

आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक मुखवट्यांच्या खोलीत आला आणि सरड्याच्या वेशात बसलेल्या याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शिरस्त्राण काढण्यापुरता मी एक देखणा हिरो बोलावतोय. स्वर्गवासी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचं अंग अप्रतिम आहे." सरड्याच्या आत काय झालं ते बाहेर दिसलं नाही. मान मात्र खाली गेली, आणि ती मुखवटेवालीने पाहिली.

देव पावला म्हणायचा तो असा की हिरोच्या तारखा जुळेनात. चित्रीकरण तोंडावर आलं आणि घोडं अडलं. दिग्दर्शक केस उपटत फिरू लागला. तेव्हा ही बाई ब्रश धुता धुता सहज म्हणाली, "हिरो कशाला हवा? मी चेहरा बनवून देते. रबराचा. साधा, थकलेला, कुठेही दिसेल असा माणूस. स्वर्गवासींच्या तोंडावर चिकटवते."

"खरा वाटेल?"

"नाही वाटला तर नाव बदलेन."

चित्रीकरणाच्या सकाळी दोघं खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर 'मुखवटा चालू आहे' अशी पाटी. रबर कुठे दिसेना म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला, तर तिने पत्ते काढले. "पिस," ती म्हणाली. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळी सकाळ दोघं पत्ते खेळली. ती जिंकत होती, कारण त्याचं लक्ष नव्हतं.

"अगं, पण चेहऱ्याने करतात काय?" तो म्हणाला. "मला मानेचं ठाऊक आहे. चेहरा मी कधी वापरलाच नाही."

"काही करू नकोस. बाबांच्या खुर्चीत बसतोस ना, तसा बस. राणी टाक."

वेळ झाली तेव्हा तिने त्याच्या कपाळावर घाम येऊ नये म्हणून जराशी पावडर लावली, कडी काढली आणि त्याला बाहेर ढकललं.

सेटवर सगळ्यांच्या माना वळल्या. दिग्दर्शक हळूहळू पुढे आला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. डोळ्यांखालच्या सुरकुत्या अगदी जवळून पाहिल्या. म्हणाला, "बाई, हे काय करून ठेवलंय तुम्ही? ही भोकं, ही कातडीची छिद्रं, ही एकेक केली?"

"एकेक," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने याचा गाल चिमटीत धरून ओढला आणि सोडला. "काय लवचिक आहे. फक्त नाक जरा जास्त झालंय. एवढं मोठं नाक खरं वाटत नाही. थोडं कमी होईल?"

"आता वाळलं," ती म्हणाली. "हलवलं तर सगळा चेहरा जाईल."

"असू दे, असू दे. आणि हनुवटीवरचा हा कट? हा कुणी सुचवला?"

"तो आधीपासून होता मनात."

"सुरेख. कॅमेरा शेवटी तिथेच न्या." मग याच्या कानाशी येऊन मोठ्याने, कारण रबराआडच्या माणसाशी मोठ्यानेच बोलायची सवय, म्हणाला, "स्वर्गवासी, आत श्वास घेता येतोय ना?"

हा म्हणाला, "येतोय."

तर तो दिवस असा गेला. चहा आला तो नळी घालून, आणि याने इमानाने नळीनेच प्यायला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती, कारण बघितलं असतं तर तिथेच फुटली असती. प्रसंग एकदाच झाला. त्याने शिरस्त्राण काढलं, दिव्यांकडे पाहिलं, आणि आरशात बघावं तसं नुसतं बघत बसला. त्याला सलून दिसलं, कंगवा दिसला, शिंपी दिसला, आणि घशाशी काहीतरी आलं ते त्याने गिळलं. कॅमेरा सरकत सरकत हनुवटीपाशी जाऊन थांबला. संध्याकाळी दिग्दर्शक म्हणाला, मुखवटा माझ्या खोलीत ठेवायला द्या, काचेच्या पेटीत लावतो. मुखवटेवाली म्हणाली, काढताना फाटला. तो बिचारा दोन दिवस नीट जेवला नाही.

इथवर सगळं गोड. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं. दिग्दर्शकाला राहवेना. शेवटचा भाग दाखवायच्या दिवशी पेपरात त्याची मुलाखत आली, भल्या मोठ्या मथळ्याखाली: सेनापतीचा चेहरा म्हणजे रबराचा चमत्कार. कसा बनवला, किती मेहनत, नाक कसं मुद्दाम मोठं ठेवलं, सगळं. याने पेपर वाचला, घडी घातली आणि उलगडून पुन्हा वाचला. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून अखेर चेहरा पडद्यावर आणला, तर अख्ख्या गावाला आधीच सांगून ठेवलं की तो खोटा.

संध्याकाळी तो सलूनमध्ये गेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, टॉवेल बांधला आणि डोळ्यांपर्यंत फेस लावला. पुन्हा तोंड झाकलेलं. मग सलून गच्च भरलं, आणि खुर्चीत कुणी तरी दाढीसाठी बसलाय यापलीकडे कुणी लक्ष दिलं नाही. उस्ताद वस्तरा हातात घेऊन उभे राहिले, पण सगळ्यांसारखे टीव्हीकडेच बघू लागले.

शिरस्त्राण निघालं. पडदाभर तो चेहरा आला, नाकासकट. उस्तादांचा हात वर गेला, त्यात वस्तरा होता, कंगवा नव्हता, पण वर गेला. ते काही बोलले नाहीत. या घटकेची मुलाने इतकी वर्षं वाट पाहिली होती.

आणि शिंपी म्हणाला, "सुनेने बनवलंय हं झकास. नवऱ्याचा चेहरा बरोबर काढलाय रबरात."

"रबर नाही ते," उस्ताद म्हणाले.

"पेपर वाचा उस्ताद. छापलंय. चेहरा तुमच्या मुलाचा, हे कोण नाही म्हणतंय? पण आत कोण आहे? आत मीसुद्धा असू शकतो."

लोक हसले. खुर्चीतला माणूस बोलायला गेला, पण वस्तरा गळ्यापासून वीतभर अंतरावर असताना माणसाला खरं बोलायचीही सोय नसते. पडद्यावर चित्र आता थांबलं होतं. नुसती हनुवटी, ओठ, आणि वरून कलाकारांची नावं सरकत होती.

उस्ताद पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती रेघ बघ."

"बघतोय की. जिन्यावरून पडला होता. रबरात तीही काढली सुनेने."

"आधी ती पांढरी होती. आता बघ."

सगळे पुढे झुकले. पडद्यावरची ती बारीक रेघ लालभडक झाली होती.

"पोराला रडू आलं आणि त्याने दाबलं की ती लाल होते," उस्ताद म्हणाले. "ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून. रबर लाल होत नाही रे."

शिंप्याने चष्मा वर केला. "हे बरं ठाऊक तुम्हाला? जिन्यावर तुम्ही होतात का?"

मुलाचे डोळे फेसातून आरशाच्या वरच्या पाटीवर गेले. त्याने मान हलवली, नको म्हणून. उस्तादांना मान वाचता येत होती. तीच विद्या, त्यांच्याकडूनच तर आलेली.

"जिना नव्हता," उस्ताद म्हणाले. "आमच्या घराला जिना कुठे आहे? वस्तरा होता. माझा."

चाळीस वर्षं ज्या पाटीखाली लोक डोळे मिटून गळा पुढे करत आले होते, तिच्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं. उस्तादांनी बोटाने खुर्चीतल्या माणसाच्या हनुवटीवरचा फेस पुसला. रेघ लाल होती. मग टॉवेलाने सगळाच चेहरा पुसला, कपाळ, गाल, ते नाक, आणि खुर्ची गिऱ्हाइकांकडे फिरवली.

शिंपी टीव्हीकडे बघायचा, मग खुर्चीकडे, पुन्हा टीव्हीकडे. शेवटी पुढे आला आणि अगदी कापडाचा पोत बघावा तसा याचा गाल दोन बोटांत धरून पाहिला. हा म्हणाला, "ओढा, सगळेच ओढतात." मग मात्र सलूनला जे हसू फुटलं ते आवरेना, कोण कुणाच्या पाठीवर थापा मारतोय, कोण खुर्चीवर चढून 'सेनापती' म्हणून सलाम ठोकतोय, आणि शिंपी डोळे पुसत म्हणतोय की मग ते दगड, ते शेवाळ, ते सगळं खरंच तूच होतास की काय रे.

"सगळं," तो म्हणाला. हसत होता की रडत होता ते त्यालाही कळत नव्हतं. चेहरा त्याच्या ताब्यात नव्हता, आणि त्याला त्याची सवयही नव्हती.

उस्तादांनी शिंप्याच्या कानामागचा खडू काढून घेतला. स्टूल ओढलं, त्यावर चढले. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या ना." ते ऐकणारे थोडेच. पाटीवर त्या जुन्या पांढऱ्या अक्षरांच्या खाली त्यांनी सावकाश, सुबक अक्षरांत लिहिलं, 'एक सोडून.' मग खाली उतरले, हात झटकले, आणि पुन्हा ब्रशने फेस करायला घेतला, कारण दाढी अजून व्हायची होती.